पाकीट नको

पोर्तुगालला पाठवलेल्या एका कार्डावर मी घराचा नंबर लिहायला विसरले होते. रस्त्याचं नाव होतं, पोस्टल कोड होता, तळाशी देशाचं नाव ठळक अक्षरांत होतं. नंबर तेवढा राहिला. कार्ड पेटीत पडून दोन दिवस झाल्यावर वहीत पत्ता पुन्हा दिसला आणि पोटात गोळाच आला. ते आता पोचत नाही, असं मनाशी धरून चालले. पाच आठवड्यांनी तिकडून फोटो आला. माझ्या काळ्या अक्षरांतल्या रस्त्याच्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलीनं दोन आकडे लिहिले होते. घाईत खरडलेले नव्हते. नीट, सावकाश काढलेले, आणि खाली एक बारीक रेघ. ज्या बाईंना कार्ड मिळालं त्यांनी लिहिलं होतं, ‘हे अक्षर माझं नाही. कुणाचं आहे ते मलाही माहीत नाही.’

त्या कार्डाच्या चित्राच्या बाजूला नेच्याच्या पानाची निळी-पांढरी छाप होती. ती करायला माझी अख्खी दुपार गेली होती. पण आज ते कार्ड आठवलं की मला नेचा आठवत नाही, ते दोन आकडे आठवतात.

तोवर मी हाताने केलेली कार्डं पाकिटात घालूनच पाठवायचे. त्या दिवशी घरातली पाकिटं संपली होती, म्हणून ते उघडं गेलं. ते आकडे पाकिटावर पडले असते तर पाकिटाबरोबर केराच्या डब्यात गेले असते. कार्डावर होते म्हणून राहिले. या गोष्टीला चार वर्षं झाली. त्यानंतर मी पाकीट वापरणं सोडून दिलं.

हाताने केलेली कार्डं अनोळखी माणसांना पाठवणाऱ्यांमध्ये यावरून सरळ दोन तट आहेत. तीन-तीन तास खपून केलेलं काम असं उघडं का सोडायचं, असं पाकीटवाल्यांचं म्हणणं. कोपरे मुडपतात, रंग खरवडला जातो, पावसात भिजतं. हे सगळं खरं आहे. पेस्टलचं काम असेल, पातळ कागदाचे तुकडे चिकटवलेले असतील, तर पाकिटाला पर्याय नाही हे मीही मानते. पण पाकिटात गेलं की माझ्या लेखी ते पोस्टकार्ड उरत नाही. ते एक छोटं चित्र होतं, जे एका माणसानं बंद केलं आणि एका माणसानं उघडलं. उघडं कार्ड मात्र वाटेतल्या प्रत्येकाचं थोडं थोडं असतं.

हे मला एका फार जुन्या कार्डानं पटवलं. आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं चित्रांचं पोस्टकार्ड हातानेच रंगवलेलं आहे. १८४० सालचं. लंडनमधल्या फुलमला राहणाऱ्या थिओडोर हुक या लेखकाच्या पत्त्यावर ते आलं आणि त्यावर पेनी ब्लॅक, म्हणजे जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट, लावलेलं होतं. बहुधा हुकनं ते स्वतःच स्वतःला पाठवलं असावं, असं मानतात. चित्रात काय आहे? एका अवाढव्य दौतीभोवती बसलेले टपाल खात्याचे कारकून. त्यांची थट्टा! २००२ साली लिलावात त्याला ३१,७५० पौंड मिळाले. मला त्या किमतीपेक्षा एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. ते चित्र मिळणाऱ्यासाठी काढलेलंच नव्हतं. ज्यांच्या हातांतून ते जाणार होतं, त्यांनी पाहावं म्हणून काढलं होतं.

सरकारी पोस्टकार्ड त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आलं. १८६५ साली हाइनरिश फॉन श्टेफान या जर्मन टपाल अधिकाऱ्यानं एका टपाल परिषदेत अशा उघड्या पत्राची कल्पना मांडली होती, ती स्वीकारली गेली नाही. मग २६ जानेवारी १८६९ रोजी एमानुएल हेरमान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात लेख लिहून तीच कल्पना पुन्हा मांडली आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं पोस्टकार्ड विक्रीला आलं. म्हणून १ ऑक्टोबर हा आता जागतिक पोस्टकार्ड दिन. पुढे १८७४ मध्ये टपालाबाबत देशादेशांत बर्नचा करार झाला, त्यात कार्डाचा दर पत्राच्या निम्मा ठरला, आणि एका देशाचं तिकीट लावलेलं टपाल दुसऱ्या देशानं घरपोच नेऊन द्यायचं हेही ठरलं. मी दर वेळी तिकीट लावताना हा करार आठवते. ज्या देशाची भाषा मला येत नाही, तिथला माणूस माझं कार्ड घेऊन जिने चढतो, तो या करारामुळे.

पाकीट सोडल्यावर माझी कार्डं बदलावी लागली. हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण नव्यानं करू लागलेले बरेच जण इथेच खचतात.

टपालाची वर्गवारी करणारी यंत्रं कार्ड पट्ट्यांमधून आणि रुळांमधून खेचून नेतात. वर उचललेली कुठलीही कड त्यात अडकते. टिकल्या, मणी, लाखेचा ठसा, जाड रिबन, सगळं सोलून निघतं, आणि जाताना दुसऱ्या कुणाचं कार्ड फाडून जातं. चकाकीची भुकटी तर लावूच नये. कागद फार पातळ असेल तर वाकतो, फार जाड असेल तर यंत्रात वळत नाही. २५० ते ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरमागे तेवढे ग्रॅम वजनाचा, कागद मला सोयीचा पडतो. आकाराचंही बंधन आहे. ९० बाय १४० मिलिमीटरपेक्षा लहान नको, १२० बाय २३५ पेक्षा मोठं नको. मी ए-६ धरून चालते, म्हणजे १०५ बाय १४८. आणि पत्त्याच्या बाजूला खालची बोट-दीड बोट पट्टी पूर्ण कोरी सोडते, कारण यंत्र तिथे स्वतःच्या रेघा छापतं. अमेरिकेत जाणाऱ्या टपालावर अशा पासष्ट उभ्या बारीक रेघा उमटतात. चित्राच्या बाजूलाही कधी नारिंगी रेघांची एक ओळ बसते. पहिल्यांदा माझ्या छापेवर ती ओळ पाहिली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आता मी चित्राच्या तळाशीही थोडी जागा ठेवते, तिच्यासाठी.

शाईचा धडा मला पावसानं दिला. सुरुवातीला मी बरीचशी कार्डं जलरंगात रंगवायचे आणि साध्या पेननं लिहायचे. जर्मनीला गेलेलं एक कार्ड असं पोचलं की त्यावर एक जांभळट ढग होता आणि त्या ढगात बुडालेली चार-पाच अक्षरं. पत्ता कसा वाचला गेला, देव जाणे. तेव्हापासून पत्त्याला पाण्यात न विरघळणारी रंगद्रव्याची शाई. आणि चित्राला फक्त सायनोटाइप.

सायनोटाइप म्हणजे उन्हानं काढलेली निळी छाप. जॉन हर्शेल या इंग्लिश शास्त्रज्ञानं १८४२ साली ही रीत शोधली, आणि पुढच्याच वर्षापासून ॲना ॲटकिन्स या इंग्लिश वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी समुद्रशैवालांच्या छापा या रीतीनं काढून वाटायला सुरुवात केली. दोन क्षार लागतात: फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड. मी पहिल्याचं २५ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात आणि दुसऱ्याचं १० ग्रॅम १०० मिलिलिटरमध्ये, अशी दोन वेगळ्या तपकिरी बाटल्यांत ठेवते. लागेल तेवढंच, समसमान मिसळायचं. मंद पिवळ्या दिव्यात रुंद ब्रशनं कागदावर पातळ थर द्यायचा, अंधारात वाळू द्यायचा. वाळलेल्या कागदाचा रंग पोपटी-पिवळा होतो. त्यावर पान ठेवायचं, वरून काच, चारी बाजूंना चिमटे, आणि उन्हात. उघडा भाग हिरवा होतो, मग करडा, मग एक विचित्र जस्ती छटा येते. कडक ऊन असेल तर दहा-पंधरा मिनिटं, ढगाळ असेल तर पाऊण तासही लागतो. नंतर नुसत्या पाण्यात धुवायचं. पिवळं पाणी वाहून गेलं की जिथे पान होतं तिथे पांढरा कागद, बाकी सगळं निळं. हे निळं पहिल्या दिवशी फिकं असतं आणि हवा लागून दुसऱ्या दिवशी गडद होतं.

हे सगळं इतक्या बारकाईनं सांगण्याचं कारण असं की ही छाप पाण्यातूनच जन्माला येते. पावसाला ती भीत नाही. पोस्टमनच्या पिशवीत भिजलेलं कार्ड वाळवलं की छाप होती तशी.

ती भिते दुसऱ्या गोष्टीला. माझी पहिली वीस कार्डं दोन महिन्यांत पिवळट आणि फिकी पडली, तेव्हा मला वाटलं माझं धुणंच चुकतंय. चूक कागदाची होती. चित्रकलेचे बरेच चांगले कागद टिकावेत म्हणून त्यांत कॅल्शियम कार्बोनेट घालतात, ते अल्कलीधर्मी असतं, आणि अल्कलीनं हा निळा रंग मरतो. ‘आम्लमुक्त’ असं अभिमानानं छापलेला कागद मी मुद्दाम निवडला होता. मला हवा होता असा कागद, ज्यात वरून काहीच घातलेलं नाही. ती वीसच्या वीस कार्डं वेगवेगळ्या वीस घरी गेली होती. त्या प्रत्येकाला मी पुन्हा एक पाठवलं. दोघांचं पुढे काहीच उत्तर आलं नाही, बाकीच्यांकडे आता माझी दोन-दोन कार्डं आहेत.

या निळ्याची आणखी एक गंमत आहे. सतत उजेडात ठेवलं तर ते फिकं पडतं, आणि अंधारात ठेवलं तर परत येतं. फिनलंडमधल्या एका निवृत्त ग्रंथपाल बाईंनी माझं कार्ड खिडकीच्या काचेला लावलं होतं. उन्हाळ्यात तिकडे सूर्य जेमतेम मावळतो. ऑगस्टमध्ये त्यांनी फार संकोचानं कळवलं की तुमचं पान विरून चाललंय, माझ्याकडून हेळसांड झाली. मी लिहिलं, कार्ड टेबलाच्या खणात ठेवा आणि काही दिवस विसरून जा. ऑक्टोबरमध्ये त्यांच्याकडून एका ओळीचं कार्ड आलं: ‘आलं परत!’ त्याखाली त्यांनी स्वतः निळ्या पेन्सिलीनं नेचा काढला होता. चित्र काढायची त्यांची चाळीस वर्षांतली पहिलीच वेळ, असं पुढच्या कार्डात कळलं.

पत्ते मिळतात कसे, हे मला बरेच जण विचारतात. माझी सुरुवात पोस्टक्रॉसिंगनं झाली. पाउलो मागल्याइश या पोर्तुगीज विद्यार्थ्यानं २००५ साली सुरू केलेला हा उपक्रम. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते: ज्याला मी पाठवते तो मला पाठवत नाही. माझं कार्ड एका घरी पोचतं, तिथला माणूस त्यावरचा क्रमांक नोंदवतो, आणि मग माझा पत्ता जगातल्या तिसऱ्याच कुणाला दिला जातो. त्यामुळे परतफेड असं काही राहत नाही. कुणी कुणाचं देणं लागत नाही. तो क्रमांक मी दोन ठिकाणी लिहिते, एकावर शिक्का बसला तर दुसरा वाचता यावा. हाताने केलेलं कार्ड नको, छापील हवं, असं काही जण स्वतःबद्दलच्या ओळींत स्पष्ट लिहितात. त्यांना मी छापीलच पाठवते. दुसऱ्याच्या दारात आपली आवड ढकलून ठेवू नये. पुढे मात्र हाताने केलेलीच कार्डं एकमेकांना पाठवणारे आम्ही बारा जण जमलो. दर दोन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतो. त्यांपैकी एकालाही मी भेटलेले नाही.

त्यात न्यूझीलंडमधल्या एका माणसानं विचारलं होतं की तुझ्या आसपास उगवणारं काहीतरी पाठवशील का. सुकवलेलं पान चिकटवून पाठवायला मी निघालेच होते, तेवढ्यात नियम वाचले. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात बाहेरून येणाऱ्या झाडापाल्याबद्दल फार कडक तपासणी असते. बी, पान, गवताची काडी, काहीही असलं तर कार्ड अडवलं जाऊ शकतं, आणि ते योग्यच आहे. एका बुरशीनं तिथलं रान उजाड होऊ शकतं. मग मी तेच पान काचेखाली ठेवलं आणि उन्हात धरलं. पानाला जाता येत नव्हतं, पानाची सावली गेली. अगदी त्याच मापाची, शिरा न् शिरा, किडीनं पाडलेल्या भोकासकट. त्यानं ते भोक मोजून लिहिलं, चार मिलिमीटर. आणि त्याच्याकडून आली ती त्याच्या अंगणातल्या नेच्याची सावली, गडद निळ्यात. ते कार्ड आणि माझ्या कार्डाचा फोटो मी शेजारी शेजारी ठेवले आहेत.

मजकूर काय लिहायचा, याचा घोळ मी आता घालत नाही. जागा असते तळहाताच्या निम्मी. १९०२ पर्यंत तर तीही नव्हती. पत्त्याच्या बाजूला पत्ताच लिहायचा, म्हणून लोक चित्राच्या कडेनं मजकूर कोंबायचे. त्या वर्षी ब्रिटननं मधोमध रेघ मारून डावी बाजू मजकुराला दिली, जर्मनीनं १९०५ मध्ये आणि अमेरिकेनं १९०७ मध्ये. त्या डाव्या बाजूला मी एवढंच लिहिते की हे पान कुठे सापडलं, त्या दिवशी ऊन कसं होतं आणि छापायला किती मिनिटं लागली. हवामान कुणालाही परकं वाटत नाही. वाटेत कुणी वाचलं तर त्यालाही कळेल असंच लिहिते, कारण वाचतात. एका कार्डावर जपानमधल्या टपाल कार्यालयाचा तांबूस-तपकिरी चित्रशिक्का होता. तिथल्या बऱ्याच कार्यालयांत आपापल्या भागाचं दृश्य कोरलेला शिक्का असतो, मागितला तर मारून देतात. पाठवणाऱ्या मुलीनं लिहिलं होतं की खिडकीवरच्या काकांनी आधी चित्र पाहिलं, मग शिक्का कुठे शोभेल ते तिला विचारलं आणि मग श्वास रोखून मारला.

अशा कार्डांना टिकाऊ म्हणावं का? एवढासा कागद, उघडा, ऊनपावसात. फ्रान्झ मार्क या जर्मन चित्रकारानं १९१२-१३ च्या सुमारास कवयित्री एल्झे लास्कर-श्यूलरला नववर्षाचं म्हणून एक कार्ड रंगवून पाठवलं, त्यात एकावर एक रचल्यासारखे निळे घोडे होते. मग त्यानं तेच चित्र भल्यामोठ्या कॅनव्हासवर केलं. तो कॅनव्हास १९४५ पासून बेपत्ता आहे. कार्ड म्युनिकच्या संग्रहात आजही आहे. हे वाचल्यापासून मी कार्डांना लहान काम म्हणत नाही.

गेल्या महिन्यात माझं एक कार्ड परत आलं. नॉर्वेला पाठवलं होतं, सात महिन्यांपूर्वी. ‘रतूर’ असं फ्रेंचमध्ये छापलेली परतीची चिठ्ठी त्यावर चिकटवलेली. फ्रेंच ही जागतिक टपाल संघाची अधिकृत भाषा, म्हणून या चिठ्ठ्या फ्रेंच बोलतात. पत्त्यावर आडवी रेघ, कुणाची तरी सही, दोन तारखांचे शिक्के, रेघांच्या दोन ओळी, आणि चित्राच्या बाजूला निळ्यावरून गेलेला एक लांब ओरखडा. जिला पाठवलं होतं ती मुलगी दुसऱ्या गावी राहायला गेली होती. तिला कळवलं की दुसरं करून पाठवते. ती म्हणाली, नको, हेच हवं. शिक्क्यांसकट, ओरखड्यासकट.

पण त्यावर आता नवं तिकीट लावायला जागाच नव्हती. नवा पत्ता लिहायला तर मुळीच नव्हती. आणि जुन्या रेघा तशाच राहिल्या तर यंत्र त्या वाचून कार्ड पुन्हा जुन्या घरी नेणार. त्या खोडायच्या म्हणजे तिला जे हवं होतं तेच खोडायचं. दोन दिवस मी ते टेबलावर नुसतं ठेवून पाहत राहिले.

शेवटी चार वर्षांनी एक पाकीट आणलं. कार्ड आत सरकवलं. बाहेर पत्ता लिहिला, घराचा नंबर दोनदा तपासला, आणि पत्त्याच्या ओळीपुढे पेन्सिलीला पुरेल एवढी जागा मोकळी ठेवली.